नावाशेजारचा आकडा

नोंदणी अधिनियम 1908 मधलं कलम 57 माझं आवडतं आहे. कायद्याचं कलम आवडतं हे चारचौघांत बोलायची सोय नसते, म्हणून इथे लिहितो. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात पुस्तक क्रमांक 1 असतं. जमिनी-घरांचे दस्त त्यात नोंदले जातात. हे पुस्तक आणि त्याची सूची फी भरून कुणालाही पाहता येते, नोंदीची नक्कलही मागता येते, असं हे कलम सांगतं. कुणालाही म्हणजे खरोखरच कुणालाही. त्या मालमत्तेशी तुमचा संबंध काय, हे सिद्ध करायची अट नाही. शेजाऱ्याला पगार विचारणं आपण असभ्य समजतो. त्याच शेजाऱ्याने घर कुणाकडून घेतलं, कितीला घेतलं, मुद्रांक शुल्क किती भरलं, हे सगळं सूची क्रमांक 2 च्या, म्हणजे मालमत्तेवरून लावलेल्या सूचीच्या, एका पानावर लिहिलेलं असतं.

हा मोकळेपणा उदारपणातून आलेला नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम 1882 म्हणतो, की दस्त एकदा नोंदला गेला की ती मालमत्ता पुढे घेणाऱ्याला त्याची माहिती होती असंच धरलं जाईल. ‘मला ठाऊक नव्हतं’ ही सबब तिथेच संपते. आता जे तुम्हाला ठाऊक होतं असं कोर्ट धरून चालणार, ते पाहायला दार तर उघडं ठेवायला हवं. मृत्युपत्रांचं पुस्तक मात्र वेगळं, क्रमांक 3 चं. त्यातली नक्कल मृत्युपत्र करणारा हयात असेपर्यंत त्याला किंवा त्याच्या मुखत्याराला सोडून कुणालाही मिळत नाही. तो गेला, की कुणीही मागावी. हा मसुदा ज्याने केला त्याला घराघरातल्या भांडणांची चांगली जाण असावी.

मी वकील नाही, महसूल खात्यातही नाही. पण कागद वाचायची खोड आहे, आणि ओळखीच्यांना ती कळल्यापासून ‘जरा बघ ना हा उतारा’ म्हणून फोनवर फोटो येत राहतात. बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: जमीन नक्की कुणाची? आणि बहुतेकांची समजूतही एकच असते, की सरकारकडे कुठेतरी एक जाड वही आहे, तिच्यात प्रत्येक तुकड्यापुढे मालकाचं नाव लिहिलेलं आहे, आपल्याला फक्त ते पान सापडत नाहीये.

अशी वही आपल्याकडे नाही. काही देशांत आहे. 1858 साली साउथ ऑस्ट्रेलियात रॉबर्ट टॉरेन्स यांच्या पुढाकाराने एक कायदा झाला: सरकारी नोंदवहीत ज्याचं नाव, मालकी त्याची, आणि त्या पद्धतीमुळे एखाद्याचं नुकसान झालंच तर भरपाईची सोय सरकारने केलेली. आपलं सरकार अशी हमी घेत नाही. दुय्यम निबंधक समोरच्याची ओळख पटवतो, दस्त त्यानेच करून दिला आहे हे त्याच्या तोंडून वदवून घेतो, मुद्रांक बरोबर आहे का पाहतो. विकणारा खरोखर मालक आहे की नाही, याचा निवाडा तो करत नाही. म्हणजे नोंदणीकृत खरेदीखत आपल्याला एवढंच सांगतं, की अमुक तारखेला अमुक माणसाने येऊन ‘ही माझी जमीन मी याला विकली’ असं म्हटलं. ती त्याची होती का, हे पाहायला त्याच्या आधीचा दस्त काढायचा. त्याला ती ज्याने दिली त्याची होती का? आणखी मागचा दस्त. असं मागे मागे जात राहायचं.

सातबाऱ्याचंही तेच. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा जोडून झालेला हा उतारा महाराष्ट्रात जितका ओळखीचा आहे तितकाच त्याच्याबद्दल गैरसमजही आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम 1966 चं कलम 157 म्हणतं, की अधिकार अभिलेखातली, म्हणजे जमिनीवरच्या हक्कांच्या सरकारी दप्तरातली, नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाईल. या वाक्यातलं ‘उलट सिद्ध होईपर्यंत’ लोक विसरतात. सर्वोच्च न्यायालयाने कितीतरी निकालांत पुन्हा पुन्हा सांगितलं आहे, की फेरफार नोंद, म्हणजे उताऱ्यावरचं नाव किंवा हक्क बदलल्याची नोंद, महसूल वसुलीसाठी असते, तिने मालकी निर्माणही होत नाही आणि नष्टही होत नाही. तरी वाद झाला की सातबारा हवेत फडकवला जातोच.

याचं कारण या कागदाच्या जन्मात आहे. मुंबई इलाख्यातली नवी मोजणी गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी 1835 च्या सुमारास इंदापूर तालुक्यात सुरू केली. त्या मोजणीला हवं होतं ते एवढंच: तुकडा किती, माती कशी, सारा किती आणि तो भरणार कोण. हक्कांची नोंद ठेवायला सुरुवात झाली ती पुढे, 1903 च्या कायद्याने, आणि 1913 मध्ये ती जमीन महसुलाच्या मूळ कायद्यात घातली गेली. म्हणजे आधी वसुलीचं दप्तर, मग त्यावर हक्कांचा थर. सातबारा वाचताना हा क्रम डोक्यात असला की बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. सरकारला सारा मागायला एक माणूस पुरत होता. घरातल्या पाच जणांची नावं लिहायची त्याला निकड नव्हती.

आता उतारा समोर घ्या. लोक नाव वाचतात. मी नावाशेजारचा आकडा वाचतो. प्रत्येक नावाजवळ एक क्रमांक असतो, हाताने लिहिलेल्या जुन्या उताऱ्यांवर तो वर्तुळात असायचा. तो फेरफाराचा क्रमांक. हे नाव इथे कुठल्या कारणाने आलं, ते गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफाराच्या नोंदवहीत, त्या क्रमांकाखाली लिहिलेलं असतं. ज्यांचा हक्क संपला त्यांची नावं कंसात जातात. म्हणून कंसातली नावं आणि त्यांचे आकडेही टिपून घ्यायचे. आजचा मालक कळायला कालचा कसा गेला ते कळावं लागतं.

सातबारा हे फोटोसारखं स्थिर पान असेल, तर फेरफार म्हणजे गोष्ट. गद्य रुक्ष, पण माणसं त्यात हजर. ‘खातेदार अमुक हे अमुक तारखेस मयत झाले. त्यांना वारस पत्नी एक, मुलगे दोन, मुली तीन. वर्दीवरून नोंद केली.’ खाली नोटीस बजावल्याच्या सह्या, कुणाचे अंगठे. हरकत घ्यायला पंधरवड्याची मुदत. मग मंडळ अधिकाऱ्याचा शेरा: नोटीस रुजू, हरकत नाही, नोंद मंजूर. एखाद्या नोंदीखाली ‘तक्रार आल्याने तक्रार रजिस्टरला नोंद’ असा शेरा येतो आणि मग खरी गंमत सुरू होते. रद्द झालेल्या नोंदी तर मी आवर्जून पाहतो. उताऱ्यावर त्यांचा मागमूस नसतो, कारण त्यांच्याने नाव बदललंच नाही. पण कुणी, केव्हा, कुठल्या आधारावर या जमिनीवर हक्क सांगायला आलं होतं, ते तिथे दिसतं. तो माणूस किंवा त्याची मुलं परत येऊ शकतात.

वारसाच्या नोंदी वाचायला वेळ द्यावा लागतो. जुन्या उताऱ्यांवर एकट्या थोरल्या भावाचं नाव दिसतं आणि त्यापुढे ‘ए.कु.मॅ.’ अशी अक्षरं. एकत्र कुटुंब मॅनेजर. म्हणजे जमीन सगळ्या भावांची, नाव एकाचं, कारण वर म्हटलं तसं सारा मागायला एक पुरे. पुढे कधी उतारा पुन्हा लिहिला गेला आणि लिहिणाऱ्याच्या हातून ती तीन अक्षरं गळली, की थोरला भाऊ कागदावर एकटा मालक होतो. सातबारे ठरावीक वर्षांनी नव्याने लिहिले जात, त्या प्रत्येक नकलेत काही ना काही गळायचं. नंतर संगणकावर चढवतानाही गळलं. लेखनातली अशी चूक दुरुस्त करायला कलम 155 आहे, पण चूक झाली आहे हे कळायला आधी जुना उतारा हाती हवा. तसंच ‘अ.पा.क.’, अज्ञान पालनकर्ता. आई किंवा काका अज्ञान मुलाच्या वतीने उभे असतात. त्या काळात जमीन विकली गेली असेल तर कोर्टाची परवानगी होती का, मुलगा सज्ञान झाल्यावर काय म्हणाला, हे विचारावं लागतं. तीन-चार अक्षरांच्या मागे अख्खा दावा दडलेला असू शकतो.

आणि बहिणी. सातबाऱ्याच्या उजव्या बाजूला ‘इतर हक्क’ असं सदर असतं. कर्जाचा बोजा, विहिरीतल्या पाण्याचा हिस्सा, वहिवाटीचा रस्ता, कुळ असली जोखमीची माहिती तिथे असते. वडील वारल्यावर मुलांची नावं मुख्य सदरात आणि मुलींची, कधीकधी विधवा आईचंही नाव, या इतर हक्कात, असं वर्षानुवर्षं लिहिलं गेलं. अशा नोंदी पाहिल्या की मला नोंद करणाऱ्याचा राग येत नाही. त्याने कायदा लिहिला नाही, त्याने गावाचं मत लिहिलं. पण हिंदू वारसा कायदा 1956 पासून वडिलांच्या वाट्यात मुलगी वारस आहेच. महाराष्ट्राने 1994 मध्ये अविवाहित मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मतः हक्क दिला, केंद्राने 2005 मध्ये तो सगळ्याच मुलींना दिला, आणि वडील 2005 साली हयात होते की नाही यावरचा घोळ सर्वोच्च न्यायालयाने 2020 च्या विनीता शर्मा निकालात मिटवला. इतर हक्कातली बहीण म्हणजे नुसतं आणखी एक नाव, असं समजून जमीन घेणाऱ्याने पुढे कोर्टात सविस्तर खुलासा द्यायची तयारी ठेवावी.

त्याहून बारकाईने पाहायचं ते नाव गायब कसं झालं. बहिणीने हक्क सोडला असेल तर त्यासाठी नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवं, आणि ते पुस्तक क्रमांक 1 मध्ये सापडायला हवं. पण कितीतरी जुन्या फेरफारांत फक्त एवढंच असतं: ‘बहिणींनी जबाब दिला की आम्हास हिस्सा नको, सबब भावांची नावे दाखल.’ असा जबाब खाली अंगठा असला तरी हक्कसोडपत्राची जागा घेत नाही. मी अशा ठिकाणी समासात खूण करतो आणि उतारा पाठवणाऱ्याला विचारतो, आत्या कुठे असतात? बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘त्या काही मागणार नाहीत.’ मागणार नाहीत हे खरं असेलही. पण त्यांच्या नातवंडांचं काय?

वारस नोंद न केल्याचे प्रकार त्याहून जास्त. आजोबा जाऊन चाळीस वर्षं झालेली आणि उताऱ्यावर अजून तेच खातेदार. भाऊभाऊ आपसात वाटून कसतात, सारा भरतात, कुणाचं अडत नाही. अडतं ते पीककर्ज, भूसंपादनाचा मोबदला किंवा विक्री समोर आल्यावर. 2025 मध्ये राज्य सरकारने मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायची मोहीम काढली आणि तिला नाव दिलं ‘जिवंत सातबारा’. सरकारी मोहिमेला इतकं नेमकं नाव क्वचितच मिळतं.

आता दुसरा धागा, दस्तांचा. फेरफारात ‘खरेदीखत क्रमांक अमुक, तारीख अमुक’ असं आलं की दुय्यम निबंधकाकडे जायचं. तिथे सूची दोन प्रकारच्या: क्रमांक 1 माणसांच्या नावांवरून, क्रमांक 2 मालमत्तेवरून. आपण ज्याला सरसकट ‘इंडेक्स टू’ म्हणतो ती ही दुसरी. साधारण 2002 नंतरचे दस्त संगणकावर सापडतात, नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर घरबसल्या शोधता येतात. त्याआधीचं सगळं कागदावर, आणि कागदाला वाळवी, पाणी आणि शाई तिन्ही खातात. वकिलांच्या शोध अहवालात एक वाक्य हमखास असतं, की अमुक वर्षांची पानं फाटलेली आहेत, अमुक वर्षांची सूची पाहण्यास उपलब्ध नाही. लोक ते वाक्य ओलांडून शेवटच्या ‘मालकी निर्वेध आहे’वर जातात. मी आधी तेच वाक्य पाहतो. फाटलेली पानं नेमकी कुठल्या वर्षांची? त्या वर्षांत फेरफारवहीत काही हालचाल आहे का? दोन दप्तरं वेगवेगळ्या खात्यांची आहेत याचा हा एक मोठा फायदा. एकातली भोकं दुसऱ्यातून बुजवता येतात.

शोध तीस वर्षांचा का घ्यायचा, याला पाया आहे. मुदत अधिनियम 1963 नुसार गहाण सोडवायला 30 वर्षं मिळतात, आणि 30 वर्षं जुना दस्त योग्य ताब्यातून आला तर त्यावरच्या सह्या खऱ्या मानायची मुभा पुराव्याच्या कायद्यात आहे. म्हणून बँका 30 मागतात. शेतजमिनीला मला 30 कधीच पुरेसे वाटत नाहीत. तिची खरी गाठ त्याच्या बरीच आधी पडलेली असते.

उदाहरणार्थ 1 एप्रिल 1957. कुळवहिवाटीच्या कायद्याने या दिवशी पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कोकणातल्या हजारो तुकड्यांचा मालक बदलला. कसणारं कूळ मालक मानलं गेलं. किंमत ठरवण्याची प्रकरणं, ज्यांना लोक नुसतं ‘32 ग’ म्हणतात, पुढे वर्षानुवर्षं चालली. किंमत भरल्यावर ‘32 म’ चं प्रमाणपत्र. ज्याच्याकडे ते प्रमाणपत्र आहे त्याचं ठीक. ज्याच्या आजोबांनी हप्ते भरले पण प्रमाणपत्र घेतलं नाही, त्याच्या उताऱ्यावर इतर हक्कात मूळ जमीनदाराचं नाव अजून लटकलेलं असतं. वतनं 1958 च्या आणि आसपासच्या कायद्यांनी गेली, जमिनी वतनदारांना परत मिळाल्या त्या शर्तीवर. भोगवटादार वर्ग 2 असं जिथे दिसेल तिथे ही शर्त शोधायची. मालक खरा असतो, पण त्याने परवानगीशिवाय केलेली विक्री टिकत नाही. आदिवासी खातेदाराच्या जमिनीला जमीन महसूल अधिनियमातल्या कलम 36 अ चं आणखी कडक कुंपण आहे.

मग तुकडा तोच आहे का, हा प्रश्न. एकत्रीकरणाच्या 1947 च्या कायद्याखाली गावागावांत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. 1950 चं खरेदीखत सर्व्हे नंबर सांगतं, आजचा उतारा गट नंबर, आणि दोन्ही आकडे कधी योगायोगाने सारखे निघाले तर वाचणारा बिनधास्त चुकीच्या जमिनीचा इतिहास काढत बसतो. एकत्रीकरणाच्या योजनेचा जबाब आणि जुन्या-नव्या क्रमांकांचा तक्ता भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो, तो आधी घ्यावा. क्षेत्राचं माप हा आणखी एक सापळा. जुन्या कागदात एकर-गुंठे, नव्यात हेक्टर-आर. 40 गुंठ्यांचा एकर होतो आणि एकराचे आर होतात 40.47. आकडे इतके जवळ, की गुंठा आणि आर एकच समजून हिशेब करणारे पुष्कळ. एका एकराला फरक अर्ध्या गुंठ्याच्या आतबाहेर. शेतात तो बांधावर जिरतो, शहराच्या कडेला तेवढ्यावर एक गाळा उभा राहतो.

लिपीचं तर विचारू नका. पश्चिम महाराष्ट्रात मागे गेलात की मोडी लागते, मराठवाड्यात निजामाच्या अमलातले कागद उर्दूत, विदर्भातलं दप्तर मध्य प्रांताच्या पद्धतीचं आणि त्याच्या नमुन्यांची नावंच वेगळी. राज्य 1960 मध्ये एक झालं. दप्तरं आपापल्या जुन्या सवयींनी राहिली.

शहरात सातबाऱ्याची जागा मिळकत पत्रिका घेते, आपण ‘प्रॉपर्टी कार्ड’ म्हणतो ती. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना मी एक उद्योग सुचवत असतो: आपल्या इमारतीची मिळकत पत्रिका काढून धारकाचं नाव वाचा. सोसायटीचं असायला हवं. बऱ्याचदा ते बिल्डरचं असतं, किंवा ज्याच्याकडून बिल्डरने विकसनाचे हक्क घेतले त्या मूळ जमीनमालकाचं, तोही हयात नसलेला. 1963 च्या मोफा, म्हणजे फ्लॅटच्या मालकीविषयीच्या, कायद्याप्रमाणे सोसायटी स्थापन झाल्यावर चार महिन्यांत जमीन तिच्या नावे करून द्यायची असते. तसं होत नाही हे इतकं सर्रास झालं, की 2008 मध्ये मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद करावी लागली. म्हणजे बिल्डर येत नसेल तर त्याच्याशिवाय. मालमत्ता कराची पावती, वीजबिल, सोसायटीचं भागप्रमाणपत्र सगळं आपल्या नावाचं असतं, आणि ज्या जमिनीवर हे उभं आहे ती दप्तरात तिसऱ्याच्याच नावावर. इमारत पाडून पुन्हा बांधायची वेळ येईपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही.

गावठाणाला तर सातबाराही नव्हता. ग्रामपंचायतीचा नमुना 8, जो करआकारणीचा, तोच लोक मालकीचा म्हणून दाखवत आले. 2020 च्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन आता पत्रिका मिळू लागल्या आहेत. त्यांची नीट परीक्षा अजून व्हायची आहे, दुसऱ्या पिढीचं वाटप होईल तेव्हा ती होईल.

सगळी दप्तरं पाहून झाली तरी काही गोष्टी त्यांत नसतातच. मूळ खत बँकेत ठेवून काढलेलं कर्ज सूचीत दिसेलच असं नाही. 2011 पासून अशा गहाणांची सरसाय नावाची केंद्रीय नोंदणी आहे, तिथे फी भरून कुणालाही शोध घेता येतो, तो घ्यावाच. मुखत्यारपत्रावर झालेले व्यवहार असतात. सूरज लॅम्प प्रकरणात 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की नुसतं मुखत्यारपत्र आणि साठेखत (पुढे विकण्याचा करार) यांनी मालकी जात नाही. पण त्याआधीच्या कैक वर्षांच्या साखळ्यांत असे दुवे आहेत. मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही, साध्या कागदावर दोन साक्षीदारांसमोर केलेलं मृत्युपत्र कपाटातून कधीही निघू शकतं. आणि बारा वर्षं उघडपणे, मालकाला न जुमानता बसलेला माणूस कुठल्याच वहीत नसतो. तो जमिनीवर असतो. म्हणून कागद वाचून झाले की जागेवर जावंच लागतं.

अधूनमधून मनात येतं, आपण लोकांच्या घरात डोकावतोय का? फेरफार वाचताना कुणाचा मुलगा आधी गेला, कुणाला दुसरी बायको होती, कुणी कुठल्या साली किती कर्ज काढलं, हे सगळं कळतं. जर्मनीत जमिनीची नोंदवही पाहायला न्याय्य हितसंबंध दाखवावा लागतो. इंग्लंडमध्ये 1990 च्या डिसेंबरपर्यंत ती सर्वांना खुली नव्हतीच. आपण पहिल्यापासून जास्त उघडे. मला आपलीच पद्धत बरी वाटते, आणि त्याचं कारण तत्त्वाचं नाही, व्यवहाराचं आहे. जिथे सरकार मालकीची हमी देत नाही तिथे खातरजमा करायचं सगळं ओझं घेणाऱ्यावर आहे. त्याच्या हातातून दिवाही काढून घेतला तर त्याने करायचं काय? आता ‘आपली चावडी’ या सरकारी संकेतस्थळावर गावातले चालू फेरफार कुठूनही पाहता येतात, महाभूलेखावर उतारा फुकट दिसतो, डिजिटल सहीचा हवा असेल तर 15 रुपये. शहरात राहणाऱ्या बहिणीला पूर्वी गावच्या चावडीवर लागलेली नोटीस कळायला मार्ग नव्हता. आता निदान आहे. ती पाहते का, हा भाग निराळा.

शेवटी एक गोष्ट, जी मी पुष्कळ उशिरा करायला लागलो आणि आता सगळ्यांत आधी करतो. खरेदीखतात चतुःसीमा लिहिलेली असते: पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक. आपल्या जमिनीच्या दस्तातली चतुःसीमा आपलाच विक्रेता सांगतो, त्यामुळे ती त्याच्या सोयीची असू शकते. पण शेजारच्या गटांच्या जुन्या खरेदीखतांत आपली जमीन सीमा म्हणून येते, आणि तिथे ती सांगणाऱ्याचा आपल्या वादात काहीच स्वार्थ नसतो. त्याला फक्त आपला तुकडा नीट ओळखून द्यायचा असतो. त्यामुळे तो सहज खरं बोलून जातो. चारही बाजूंच्या गटांच्या सूची क्रमांक 2 मागवायच्या, शक्य तितक्या जुन्या, आणि त्यात आपला गट कुणाच्या नावाने ओळखला जात होता ते वर्षांच्या क्रमाने लिहून काढायचं. आपल्या उताऱ्यावर एकच नाव आहे आणि शेजाऱ्याच्या साठ सालच्या खरेदीखतात ‘पश्चिमेस तिघा भावांची सामाईक जमीन’ असं लिहिलेलं निघालं, तर व्यवहार तिथेच थांबवायचा आणि उरलेल्या दोघांचे वारस कुठे आहेत ते शोधायला लागायचं.